विचारून सांगतो

दिवेघाट उतरताना मी हॉर्न वाजवत नाही.
शालनवहिनी शेजारी डुलकी काढत असतात,
मांडीवर वही, वहीत खोचलेलं बॉलपेन,
बोटांवर अंजिराचा चीक सुकून काळा झालेला.

मागे एकशे बारा पाट्या.
खाली पान, वर पान, हे अण्णांचं.
सगळे देठ एका बाजूला, हे वहिनींचं.
अण्णा म्हणाले होते, देठाकडे कोण बघतंय?
कोथरूडचा एक फळवाला बघतो.
आता तो दुसऱ्या कुणाची पाटी उचलत नाही.

दादाला पगार हवा होता.
तो जेजुरीच्या कंपनीत, सेकंड शिफ्टला.
अण्णांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या
तेव्हा घर माझ्याकडे बघायला लागलं.
खरं सांगतो, मीही माझ्याकडेच बघत होतो.
मग पिठाच्या रिकाम्या डब्यातून पट्ट्या निघाल्या,
तीन बहारांच्या, तारीखवार,
हमाली, तोलाई वजा करून
मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: हातात काय राहिलं.
मला वाटायचं, वहिनी चपात्या मोजतात.

चुकल्याही.
पहिल्या वर्षी प्लास्टिकच्या डब्या आणल्या,
झाकणाला आतून घाम फुटला, अख्खा माल बसला.
अण्णा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.
ते न बोलणं त्यांनी ताटात वाढून घेतलं, संपवलं,
आणि रात्री ओट्यावर दाभण घेऊन
उरलेल्या डब्यांना भोकं पाडत बसल्या.
चारशे डब्या. मी झोपायला गेलो.

गुलटेकडीला साडेचार वाजता
गाळ्यावरचे ओसवाल शेठ मलाच विचारतात,
काय मालक, आज कसं सोडायचं?
विचारून सांगतो, म्हणतो मी.
पहिल्यांदा म्हणालो होतो
तेव्हा जिभेला चीक लागल्यासारखं झालं होतं.
आता नाही होत.
कधी कधी होतं.

वहिनी एक अंजीर उलटं करून बघतात,
शेजारच्या गाळ्याकडे बघतात,
आकडा सांगतात आणि चहा मागवतात.
पट्टी अजून अण्णांच्याच नावानं फाटते.
त्या घडी करून पर्समध्ये ठेवतात,
त्याबद्दल काही बोललेल्या नाहीत.

परतीला हडपसरच्या सिग्नलला अण्णांचा फोन, माझ्या मोबाईलवर.
मी भाव सांगायला तोंड उघडलं.
तू राहू दे, म्हणाले, तिला दे.
झोपल्यात, म्हणालो.
पलीकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज.
बरं, म्हणाले. मग थांबतो.