चाचणीचं पान

खोका आला तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं.
तुमुरबात म्हणाला, लगेच प्लग लावायचा नाही,
आतल्या आरशांवर दव धरेल,
आधी खोलीची ऊब ओळखू दे त्याला.
म्हणून चार तास ते यंत्र तसंच बसून राहिलं,
लांबून आलेल्या, अंगावरचा कोट न काढणाऱ्या
पाहुण्यासारखं.
आम्ही चहा प्यायलो, दुधाचा, मिठाचा.
त्याला विचारलं नाही.

मुरुनच्या नोंदणी कचेरीत
मूल्यमापनाचा तक्ता राजधानीतून येतो:
एकोणीस रकाने, खाली सही.
पहिलं पान किती सेकंदांत? साडेसात.
मिनिटाला किती?
खोक्यावर चाळीस, माझ्या घड्याळात छत्तीस,
पाठपोट छापलं तर एकोणीस.
खोक्याचं काय, तो बोलणारच.
मी छत्तीस लिहिलं.
आवाज: ल्हामसुरेन फोनवर होती,
तिनं मान वळवली नाही, म्हणजे ठीक.
मग जाड कार्ड. मग पाकीट,
कोपऱ्यात सुरकुती, एक गुण कमी.
मग पानभर काळाकुट्ट चौकोन.
बोट फिरवलं. बोट स्वच्छ,
पान मात्र तव्यावरून उतरल्यासारखं गरम.

इथली हवा इतकी कोरडी की
कागद कागदाला सोडत नाही.
तिसऱ्या ट्रेमधून पानं दोन-दोन बिलगून आली.
आत हाच तर खेळ आहे, तुमुरबात सांगू लागला,
प्रकाश ड्रमवर न दिसणारं काही लिहून जातो
आणि काळी भुकटी तिथंच जाते जिथं तिला ओढ असते.
स्वेटर काढताना केसांत तडतडतं ना, तेच,
फक्त शिस्तीत.
मी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला,
किटली जवळ सरकवली, जरा वाफ लागू दिली.
पुढची साठ पानं एकेकटी आली.
तक्त्यात किटलीला रकाना नाही.

बारावा: बारीक अक्षर.
आमची जुनी लिपी वरून खाली उतरते.
तिला कणा असतो, पोट असतं, शेपूट, आणि दात.
दात सगळ्यात आधी पडतात.
चार पॉइंटवर छापलं, भिंग लावलं,
एका शब्दात सात मोजले, सातही शाबूत.
नमुन्याला मी नेरगुईची नोंद घेतली होती.
नेरगुई म्हणजे नाव नाही.
आधीची दोन गेली, म्हणून तिसऱ्याला
आईबापांनी अशी हाक ठरवली
की शोधत येणाऱ्याला घरात कुणी सापडू नये.
आज तो कोळशाचा ट्रक चालवतो, तीन पोरींचा बाप.
नाव नाही, हे किती ठसठशीत उमटलं.

सतरावा: पानावर डाग, रेघ, सावली?
जुन्या यंत्राच्या ड्रमवर चरा होता.
डाव्या समासापासून दोन बोटं आत
केसाएवढी करडी रेघ, प्रत्येक पानावर, चार वर्षं.
ड्रम महाग, अर्ज तीनदा परत आला.
त्या चार वर्षांत जन्मलेलं प्रत्येक मूल
ती रेघ घेऊन शाळेत गेलं.
लग्नं झाली त्यांना तीच, घटस्फोट झाले त्यांनाही.
कुणी दाखला पुढं केला की मी तारीख वाचत नाही,
उजेडाकडे धरते.
माझ्या बिलगूनच्या दाखल्यावर आहे ती.
त्याच्या दुसऱ्या दाखल्यावरही.

नवं पान खिडकीशी धरलं.
बर्फावरचा उजेड आरपार आला.
काही नाही. पांढरं.
काय लिहू, तुमुरबातनं विचारलं.
लिही, दोष आढळला नाही.

जुन्याचा प्लग अजून भिंतीत होता.
त्याच्याकडे एक पान मागितलं, कोरंच, काहीही न छापता.
ते खोकलं, अडलं, मग दिलं.
घडी न घालता मी ते फायलीत ठेवलं, माझ्या.

दोन रकाने राहिले होते:
वीज किती खातं,
आणि दुरुस्तीला कुणाला बोलवायचं.