एकच चांगला कोट

चार जण, पाच दिवस, आणि चांगला कोट एकच,
ओत्ताव्हियाचा, उंटाच्या रंगाचा.
ज्याची पाळी त्यानं घालायचा, असं ठरलं होतं.
बाकीचे तिघं एकावर एक स्वेटर चढवून
कोबीच्या गड्ड्यांसारखे.

त्रिएस्तेहून निघालो तेव्हा वारा असा
की कबुतरंसुद्धा पायीच चालली होती.
ल्युब्लियानात गोराझ्दच्या मावशीकडे
आंबवलेल्या कोबीचं, राजम्याचं आंबूस सूप,
आणि वर तिचा प्रश्न, "आवडलं नाही वाटतं?"
या प्रश्नाला आणखी एक वाडगं
हेच उत्तर असतं.
ग्राझला व्हॅनिला आइस्क्रीमवर
भोपळ्याच्या बियांचं तेल, काळपट हिरवं.
"हे तर माझ्या गाडीत घालतात," बालिंट म्हणाला
आणि बशी पावानं पुसून घेतली.
गोराझ्द वहीत लिहीत होता:
सूप, काही नाही. आइस्क्रीम, एकोणीस.
हातमोजा हरवला, माझाच, धरू नये.

ओलोमोउतला बर्फ गुडघ्याएवढा.
चौकातला तो उंच, कोरीव स्तंभ
आम्ही दोन मिनिटांत पाहिला
आणि चीजच्या दुकानात अर्धा तास काढला.
पिवळ्या, चपट्या, बोटभर चकत्या.
वास म्हणाल तर
ओल्या बुटात विसरलेला एक अख्खा उन्हाळा.
बालिंटनं सहा घेतल्या, तीन कागदांत गुंडाळल्या,
खिशात टाकल्या.
त्या दिवशी कोटाची पाळी त्याची होती.

गाडीत हीटर बरोबर त्याच्या बाकाखाली.
ब्रेत्स्लावपर्यंत डबा आमचाच झाला.
एका गृहस्थानं दार उघडलं, "माफ करा" म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही,
आणि उभ्यानं प्रवास करायला निघून गेला.

ओत्ताव्हिया खिडकीकडे तोंड करून बसली.
भांडण चीजवरून होतं, असं आम्ही चौघांनीही मानलं.
खरं म्हणजे सकाळी, कॉफीत साखर ढवळता ढवळता,
बालिंट म्हणाला होता की जानेवारीपासून तो रॉटरडॅमला,
बंदरावर नोकरी, सुट्टी फक्त उन्हाळ्यात.
कुणी काहीच बोललं नव्हतं.
गोराझ्दनं वहीचं पान उलटलं होतं, कोरं.

बाहेर पांढरी शेतं, एक ससा, पुन्हा पांढरी शेतं.

मग ब्रेत्स्लावला एक म्हाताऱ्या बाई चढल्या,
द्राहोमिरा, नाव त्यांनीच सांगितलं, बसायच्या आधी.
दारात थांबून त्यांनी खोल श्वास घेतला.
"चला," म्हणाल्या, "सगळी गाडी हिंडले,
शेवटी एक डबा सापडला जिथं माणसं जेवतायत."
आम्ही जेवत नव्हतो.
पण आता तसं सांगणं बरं दिसलं नसतं.

पिशवीतून काळा पाव निघाला, डुकराच्या चरबीची बरणी,
मोठा कांदा, आणि घासून घासून
अर्धं उरलेलं पातं असलेला चाकू.
"कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.
बालिंटनं खिशात हात घातला,
मुख्याध्यापिकेपुढे उभ्या पोरासारखा.

पावावर चरबी, चरबीवर चीज, चीजवर कांदा.
पहिला तुकडा त्यांनी ओत्ताव्हियाला दिला.
तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
"कांदा," ती म्हणाली.
"कांदाच," आम्ही म्हणालो.
मग बालिंटचेही डोळे भरले,
आणि त्याच्या तुकड्यावर तर कांदा अजून पडायचा होता.

श्टुरोव्होला बाई उतरल्या, बहिणीकडे.
बरणी इथेच राहिली, की ठेवली, कोण जाणे.
बुडापेस्टला त्या रात्री आम्ही
काहीतरी फार प्रसिद्ध खाल्लं.
वहीत किंमत आहे. चव मला आठवत नाही.

आता मार्च.
कोट दोनदा धुलाईला जाऊन आला.
दुसऱ्या वेळी दुकानदारानं पैसेच घेतले नाहीत.
"अजून येतो गं वास," ओत्ताव्हिया फोनवर कुरकुरते,
"कपाट उघडलं की आधी तोच भेटतो."
"मग देऊन टाक कुणाला तरी," मी म्हणाले.

"वेडी आहेस का," ती म्हणाली,
"एवढा चांगला कोट?"