तूर्त

त्यांच्या कागदावर शब्द होता, सदासर्वकाळ.
मी मराठीत उतरवला, तूर्त.

घाटावरचे गड कसे पडले, कोण फितूर झाला,
कुठल्या खिंडीत दारू भिजली,
ते सांगणारे पुष्कळ आहेत.
लढाई मी पाहिली नाही. मी दुभाषी.
मी पाहिलं ते बांदोड्यात येऊन पोचलेलं:
अकरा बैल, एक मेणा, देव्हाऱ्याची पेटी,
राणीसाहेबांचा जायफळाचा डबा
आणि एक नगारा,
कातडं फाटलेला, तरी दोघांनी
घाटभर खांद्यावर आणलेला.

राजे देवळाच्या अग्रशाळेत उतरले.
सिंहासन वरच राहिलं.
भटांनी जेवायचा पाट दिला बसायला.
उंच माणूस. गुडघे छातीला लागायचे.

नदीपलीकडून सेक्रेटरी आला, मचिल्यातून,
केसांच्या टोपाखालून घाम गळत होता.
तो वाचत गेला:
पाच महाल, त्यांचे घाट, त्यांची बंदरं,
पोफळीचं उत्पन्न, मिठाचं उत्पन्न,
गादी, आणि गादीवरचा हक्क,
स्वतःच्या आणि वंशाच्या वतीनं सोडला.
बदल्यात आसरा. दरमहा नेमणूक.
मग तो शब्द.

माझा बोरू तिथं थांबला.
राजे माझ्याकडे बघत नव्हते.
अंगणात त्यांचा धाकटा, सहा वर्षांचा,
नगाऱ्याच्या भोकात हात घालून
आत काय आहे ते चाचपत होता.

मी लिहिलं: युद्ध मिटेतो, तूर्त.

शिक्का होता, शाई नव्हती.
समईची काजळी खोबरेलात कालवली.
पहिला ठसा पुसट आला.
सेक्रेटरीनं दुसऱ्यांदा दाबायला लावला.

घाटावर तेव्हापासून तीन धनी बदलले.
नगारची कुळागरांत शिंपणं करू लागले.
छत्राचा दांडा वाळवीनं खाल्ला,
कापडाचा देवीला चांदवा झाला.
नेमणूक कधी आली, कधी नाही.
पण दर दसऱ्याला राणीसाहेब मला बोलवायच्या,
मराठी कागद वाचायला लावायच्या,
आणि 'तूर्त' आलं की मान हलवून
माझ्या विड्यावर सुपारी ठेवायच्या,
बाजारातून आणलेली,
एकेकाळच्या स्वतःच्याच झाडाची.

शेवटच्या दुखण्यात राजांनी मला एकट्याला बोलावलं.
"शेणवी, फिरंगी भाषेत तूर्तला काय म्हणतात?"
मी सांगितलं.
त्यांनी तो शब्द करमलाच्या फोडीसारखा
तोंडात घोळवला. डोळे मिटले.
"हा त्या दिवशी माझ्या कानावर आला नव्हता."
मी पाटाकडे बघत राहिलो. पाट तोच होता.
बराच वेळानं म्हणाले,
"दसरा जवळ आला. यंदा जरा मोठ्यानं वाचा.
तिला हल्ली ऐकू कमी येतं."

धाकटा आता विशीत आहे.
रोज सकाळी माझ्याकडे फिरंगी शिकायला येतो.
हुशार आहे. क्रियापदं झाली,
नाती झाली, जिनसांची नावं झाली.
काळाचे शब्द
मी अजून काढलेले नाहीत.