इतिवृत्त, वही चौथी

पहिली वही वाळवीने खाल्ली,
पुठ्ठा आणि दोन हजेरीपत्रकं सोडून.
दुसरी कोर्टात जमा, एक्क्याऐंशी सालापासून.
तिसरीत नुसते भाड्याचे हिशेब.
म्हणून आमच्या मंडळीचा इतिहास
चौथीपासून सुरू होतो, मध्येच,
"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले" इथून.

मी चिटणीस. नव्या रजिस्टरात उतरवून घेतेय.
अक्षर बरं म्हणून निवडली मला, बिनविरोध,
म्हणजे दुसरं कोणी उभंच नव्हतं.

त्याआधीचं सगळं ऐकीव:
अँटॉप हिलला, मिठागराच्या अंगाला,
गोदीतल्या तिघांनी पत्र्याची शेड घेतली.
क्रेनवरचे ज्ञानमुत्तू, वजनकाट्यावरचे पुल्लय्या,
आणि रणपिसे, जे मूळचे या पंथाचे नव्हेत,
नगरकडच्या दुसऱ्या मिशनचे;
पण रात्रपाळी सुटली की पायी जाण्याजोगं
देऊळ हेच होतं.
नोंदणीच्या अर्जात एक रकाना होता: उद्देश.
ज्ञानमुत्तूंनी लिहवून घेतलं,
पंधराशे तीस साली बादशहापुढे वाचला
तो विश्वासाचा अंगीकार, न बदललेला.
कारकुनाने मान वर केली.
बदललेलाही असतो का?
असतो. त्यावरूनच तर सगळं.

मंडळीवर कमिटी,
कमिटीवर सर्किट, सर्किटवर जिल्हा,
जिल्ह्यावर सिनोद, सिनोदवर अध्यक्ष,
अध्यक्षांवर, सध्या, स्थगिती.

सभा सत्ताविसावी. विषय: क्रियापद.
पाळकांनी मराठी उपासनेत भाकर उचलून म्हटलं,
हे माझे शरीर.
रणपिसे बाकावरून उठले.
आहे म्हणा.
मराठीत चालतं तसं, पाळक म्हणाले,
हा माझा भाऊ, ही माझी खोली. आहे कुठे लागतं?
"श्री. रणपिसे म्हणाले,
खोलीवर दुसरा हक्क सांगायला आला
की लागतं."
ज्ञानमुत्तू म्हणाले, तमिळमध्ये घरी आम्ही गाळतो,
शास्त्रात मात्र म्हणतो, चांगलं लांबवून.
पुल्लय्यांच्या तेलुगूत तर शास्त्रातही नाही.
ते काही बोलल्याची नोंद नाही.

चहा दोनदा झाला. साखर संपली, असंही लिहिलंय.
रात्री पावणेअकराला ठराव:
आहे हा शब्द घालावा,
व तो मागच्या बाकापर्यंत ऐकू जावा.
बाजूने एकोणीस, विरुद्ध अकरा, तटस्थ एक.
पुढच्या रविवारी अकरा माणसं आली नाहीत.
तटस्थ आला असावा,
पेटीत चार आणे जास्त आहेत.

ते अकरा आता चार वाजता येतात,
म्हणजे त्यांची मुलं, मुलांची मुलं,
दुसऱ्या सिनोदची मंडळी म्हणून, याच छताखाली.
कपाटाला कुलपं दोन. आत प्याला एक.
आम्ही धुऊन फडक्यावर पालथा ठेवतो,
ते धुऊन फडक्यावर पालथा ठेवतात.
फडकं कोणी बदलायचं
हे मात्र कुठल्याच घटनेत नाही.

आज सत्ताविसावी सभा उतरवत होते
तर त्यांची ब्यूला लवकर आली, किल्ली घेऊन,
कॉलेजची बॅग पाठीवर तशीच.
दारातच उभी राहिली. त्यांचा वेळ व्हायचा होता.
मग म्हणाली, आमच्या आजोबांचं नाव
असेल का हो त्यात? आशीर्वादम.
मी पान मागे उलटलं.
हजेरीत अकरावं नाव, शेजारी इंग्रजी सही,
शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेखाली गेलेली.
आहे, म्हटलं.
तिला ऐकू गेलं नसावं म्हणून
पुन्हा म्हटलं.

ती आत आली. वाकून बघत राहिली, बराच वेळ.
सहीवर बोट ठेवलं नाही,
वर धरलं, दोन इंचांवर.

शेवटी लिहायचं असतं: अस्सलबरहुकूम नक्कल.
लिहिलं. शाई वाळू दिली.
साडेतीन झाले होते. जाताना पंखा बंद करायला गेले
आणि राहू दिला.
तीननंतरचं बिल त्यांच्याकडे असतं,
त्याची वही वेगळी.