चौथी तबकडी

एलेउतेरियोच्या बापाने बोटीवरून येताना आणलं एक खोकं:
आत चार तबकड्या, एक अख्खा ऑपेरा,
आणि एक लोकरीचा मफलर
जो रायबंदरात कुणी कधी घातला नाही.
चौथी तबकडी कस्टमवाल्याच्या हातून फुटली.
त्यामुळे त्या बाईचं पुढे काय झालं
हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरीच्या शेवटी ती गाते,
इतकं वर जाते की सुई थरथरायची,
आणि मग नुसती खरखर.
तेरू नऊ वर्षांचा. ती खरखर ऐकत बसायचा.
मला म्हणाला होता, शाणू, मी पहिला सिनेमा तिथे पाहिला.

भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं.
पण कोण रागावलंय, कोण खोटं बोलतंय,
कुणी दार लोटून घेतलंय, हे गळ्यावरून कळतं;
आमच्या जत्रेतल्या नाटकात पहाटे तीनला
अर्धवट झोपेत मला कळायचं तसंच.

सिनेमा त्याच्याकडे तयार होता. पैसे सोडून सगळा.
ती बाई मिठागरात कामाला.
सरदार म्हणजे खाणीच्या बार्जेसचा मालक.
कोरसला चाळीस बायका, गुडघाभर पाण्यात, मीठ ओढताना.
मी विचारलं, आणि ह्या इटालियनमध्ये गाणार?
म्हणाला, गाऊ दे की,
आमच्या आज्या जन्मभर लॅटिन गाऊन वर गेल्याच ना?

मडगावच्या एका हॉटेलवाल्याने सगळं ऐकून घेतलं,
ताटातला बांगडा संपेपर्यंत.
मग हात धुता धुता विचारलं,
ह्यात कॉमेडियन कोण?

आम्ही लग्नं काढली.
आठशे बेचाळीस. वही माझ्याकडे आहे.
प्रत्येक लग्नात तेरू एकदा खिशातली दुसरी कॅसेट काढायचा,
हळूच म्हणायचा, हो म्हजो,
आणि पाच-दहा सेकंद चोरायचा.
दिवाडीला नवरीची आई, हातात एकच बूट, दुसरा शोधतेय.
कुडतरीत बँडवाला, ट्रंपेट मांडीवर, तोंड उघडं टाकून झोपलेला.
फेरीबोटीची फळी खाली येताना
पलीकडे एकटाच उभा राहिलेला नवऱ्याचा भाऊ.
म्हार्दोळला विझवलेली समई
आणि धूर कुठे जातो ते बघणारी एक मुलगी.
गिऱ्हाईकं विचारायची, आमच्या फिल्ममध्ये
केक कापताना मध्येच उडी कशी?
मी म्हणायचो, लाईट गेली होती.

त्या कॅसेटींना बुरशी लागली.
पांढरी, बारीक, मिठासारखी.
मी कापूस आणि स्पिरिट घेऊन दोन मे महिने घालवले,
निम्म्या वाचल्या.

गेल्या वर्षी भाचीच्या मुलाने
अख्खा ऑपेरा फोनवर लावून दिला. फुकट.
आम्ही जेटीवर जाऊन बसलो.
एकाच इअरफोनचा एक तुकडा त्याच्या कानात, एक माझ्या.
चौथी तबकडी: सव्वीस मिनिटं.
समोरून चोडणची फेरी दोनदा गेली, दोनदा आली.

ती बाई मरते.
बरीच सावकाश, सगळ्यांना क्षमा करत,
शेवटचा सूर धरून.
तेरूच्या सिनेमात ती रात्री बार्जवर चढून निघून जायची,
मागे चाळीस बायका फावडी टाकून नुसत्या उभ्या,
आणि आवाजात फक्त ती खरखर.

त्याने फोन मला परत दिला. चष्मा पुसला.
चूक आहे, म्हणाला.
कुणाची?
त्यांची.
मग गळ घेऊन बसलेल्या पोराला विचारलं, काय लागतंय का?

सदुसष्ट झालीत त्याला. उजवा खांदा दुखतो,
कॅमेरा आता मीच धरतो,
तो नुसता माझी कोपरी ओढतो.
उद्या शिरदोणला लग्न आहे.
साडेचारला ऊन तिरकं होऊन
चर्चच्या पायऱ्यांवर येतं, म्हणतो, लवकर निघू.
बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात.
कॅसेट आता कुठेच मिळत नाही,
म्हणून एक कार्ड
कोरं ठेवलंय.