मुकी पट्टी

मेकोसाबागेत, चर्चमागच्या गल्लीत,
यूनिस तिवडे बाईंकडे मी गेलो
तो पेटीवाला म्हणून.
"पियानो मी कधी उघडला नाही," आधीच सांगून टाकलं.
बाई म्हणाल्या, "उघडा. तोही लाकडाचाच आहे."

मे महिना. कूलरचा वाळा सुकत आलेला,
त्याची घरघर काळी दोनच्या आसपास, थोडी उतरलेली.
झाकणाखाली झुरळांची अंडी, केसांची एक पिन,
त्र्याऐंशी सालचं सदर-इतवारी बसचं तिकीट,
आणि एक हातोडी, कसरीनं डोकं खाल्लेली.
"अकरा वर्षं मुकी आहे ही," बाई म्हणाल्या.
"ऐका, कुठे अडतं ते."

नाचाचं होतं म्हणे, तीन-तीनच्या मोजणीचं.
अडीचशे वर्षांपूर्वी कुण्या सरदाराच्या पदरी
एक माणूस होता,
चाकरांच्या कपड्यात वाजवायचा,
चाकरांच्याच पंगतीत जेवायचा, त्यानं लिहिलेलं.
संपलं तेव्हा माझा पेचकस हातात तसाच वर.
"एवढंच? एवढ्यात तर आमची भजनाची पेटी
श्वासही घेत नाही, बाई."
"एवढंच. पुढचं ताट वाढायच्या आत
संपवायचं असेल बिचाऱ्याला."

मी मोजत होतो मनात.
वडील कोष्टी. गोळीबार चौकात मागावर, पाय खड्ड्यात;
धोटा इकडून गेला की तिकडून यायचा
नि मध्ये फणीचा एक खट्.
इथंही डावा हात ताणा, उजवा बाणा,
आणि अकराव्या घरात धागा तुटलेला.
तीनदा तुटला.
तिन्ही वेळा तो सूर बाईंनी
ओठांतल्या ओठांत म्हटला.

हिरवी बनात होती पिशवीत,
पेटीच्या पट्ट्यांखाली लावतो ती.
कापली. सरस तापवला त्यांच्या चहाच्या पातेल्यात
(पातेलं गेलं, बोलल्या नाहीत).
वाळेपर्यंत पन्हं दिलं, मीठ जरा जास्त.

मग पुन्हा, पहिल्यापासून.
अकराव्या घरात पट्टी बोलली,
ओठही बोलले,
आणि दोघांचं जमेना.
तारा उतरल्या होत्या. गळा नव्हता.

गाडीच्या डिकीतला पाना खुंटीला लावला नि म्हटलं,
"तो सूर म्हणा, बाई."
"कुठला?"
"तुम्ही म्हणता तो."
"मी कुठे काय म्हणते?"
चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या,
जसं काही मी त्यांच्या घरात
तिसऱ्याच कुणाला पाहिलं.

काहून सांगू? "फक्त वाजवा," म्हटलं.
वाजवत गेल्या.
पेटीत सूर भाता आहे तोवर उभा असतो,
यात वाजला की मावळायलाच लागतो;
तेवढ्यात कान लावायचा,
ओठांकडे बघायचं, पाना केसभर फिरवायचा.
किती वेळा झालं मोजलं नाही.
कूलरमधलं पाणी संपलं, पंखा कोरडा फिरू लागला.

मग एकदा अकरावं घर आलं,
तार लागली, स्वच्छ,
आणि ओठ मिटलेले होते.

पुढच्या खेपेलाही मिटलेले.
"झालं की हो," बाई म्हणाल्या, "छान झालं,"
आणि मध्येच उठून
पर्स कुठे ठेवली ते शोधू लागल्या.

तीनशे रुपये घेतले.
कूलरमध्ये चार बादल्या पाणी घातलं
आणि निघालो.