अर्धलीनं

प्रल्हादनं कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला:
एका दिवसाची पिल्लं पन्नास, जळगावहून खोक्यात,
शंभरच्या बल्बखाली तीन आठवडे,
खाद्याची गोणी, लस, लाकडाचा भुसा,
आणि खाली बारीक अक्षरात, मरतूक दहा.

मी काजं करत होते.
सुई थांबली ती त्या दहांपाशी.
पिल्लं यायच्या आधीच
त्यानं त्यांना वजा करून टाकलं होतं.

थोरलीचा फोन: आई, तयार तलंगा घे,
पाच महिन्यांच्या. महिनाभरात अंडं.
लहानाचं मोठं करायचा ताप कशाला आता?
खरं होतं तिचं.
पारोळ्याच्या नाक्यावर टेम्पो थांबतो,
जाऊन बघून आले.
तांबड्या, सगळ्या सारख्या,
एका ठाणातून बेतल्यासारख्या,
चोचींची टोकं कापलेली.
वर्षाला अडीचशे कुठं गेली नाहीत ताई, टेम्पोवाला म्हणाला,
पण ह्या अंड्यांवर बसायच्या नाहीत हां,
ते काढूनच टाकलंय त्यांच्या अंगातून.
मग पुढच्या कुठून?
पुढच्या परत माझ्याकडून, म्हणाला,
आणि हसला, वाईट नाही, धंद्याचं.

कडकनाथ नको, यावर मात्र आमचं एकमत.
जिजाबरावांच्या शेडवर अजून नुसता बोर्ड आहे.

मागच्या गल्लीत ठगाबाई.
नाव असलं, पण माप सरळ.
तिची झंपरं मी शिवते, शिलाई ती अंड्यांत देते,
एखादं फुटकं निघालं तर दुसऱ्या दिवशी
न सांगता दारात दुसरं.
ती उंबऱ्यावर टेकली, म्हणाली,
"इकत कसाले लेस वं?
मनी चितरी खुडूक बठेल शे.
लई जाय. तेरा अंडा ठेव.
पिल्ला निंघनात का अर्धा तुना, अर्धा मना."
तेराचं अर्धं किती गं?
"ते घार ठरावी."

प्रल्हादच्या कॅलेंडरवर याला रकाना नव्हता.

होळी उलटून चार दिवस झालेले,
उशीरच म्हणायचा.
पाडव्यानंतर आमच्याकडे पत्रा असा तापतो
की टोपलीत पिल्लू व्हायच्या आधी अंडं शिजावं.
टोपली निंबाखाली, पऱ्हाट्यांच्या कुडाला लागून,
तळाशी राख, वर गव्हाचा भुसा,
आणि ढग गडगडले तर अंडी दचकू नयेत म्हणून
लोखंड हवं, ती माझी जुनी कात्री,
पाती झिजून चिंधीसुद्धा न कापणारी.

खुडूक रात्री आणायची, पदराखाली,
म्हणजे जागा बदललेली तिला कळत नाही.
कळते.
सकाळी तिनं माझ्या मनगटावर
चोचीनं लिहून दिलं.

सातव्या रात्री प्रल्हाद,
जो यात नव्हताच,
मोबाइलचा टॉर्च घेऊन आला.
एकेक अंडं मुठीत धरून उजेडाला लावलं.
नऊ अंड्यांत लाल रेषा,
उलट्या बाजूनं दिसणाऱ्या टाक्यांसारख्या.
चार कोरी.
त्यानं कॅलेंडर उलटं केलं, पेन काढलं,
"मर" लिहिलं आणि तिथंच थांबला.
ही मेली कुठं? ही तर सुरूच झाली नाहीत.
मग काय लिहू?
मी म्हटलं, आमलेट लिही.
नाही लिहिलं त्यानं. चारही अंडी
हळूच परसाच्या कोपऱ्यात पुरली,
आणि मुंगूस उकरेल म्हणून वर फरशी ठेवली.

आता चौदा दिवस.
मशीन मी पुढच्या खोलीत ओढलंय,
पायडलची खडखड तिला नको.
ठगाबाई रोज कुडावरून डोकावते,
टोपलीकडे बघते, विचारत नाही.
नवाचं अर्धं किती,
हे आम्ही दोघी काढत नाही.

चितरी दिवसातून एकदाच उठते.
दादरचा भरडा चार चोची,
पाणी दोन,
मान वर, गिळणं, परत.
गॅसवर दूध ठेवून
बाहेर आलेल्या बाईसारखी.